जोडणीच्या विरोधातलं माझं पत्रक

वहिनीचा मला हेवा वाटतो. आधीच लिहून टाकते, कारण पुढे तो जागोजागी येणार आहे आणि लपवणं मला जमत नाही. पत्रकं लिहिणाऱ्याला एक सवय लागते, मुद्दा पहिल्या ओळीत. आमच्या अभ्यास मंडळात हेच शिकवलं. माणूस चालता चालता कागद घेतो, वरची ओळ वाचतो, तिथे काही सापडलं नाही तर खाली टाकतो. दीक्षाभूमीच्या बाहेर, पुस्तकांच्या स्टॉलशेजारी उभं राहून मी हे बघितलं आहे. माझेच कागद लोकांच्या चपलांखाली.

आमचा मिरची-मसाल्याचा धंदा. पुढे दुकान, मागे कांडपाचं यंत्र, वर आम्ही राहतो. बाबा कळमन्याच्या बाजारातून आणि भिवापूरहून मिरची आणतात, आई कांडपावर असते, दादा छोट्या गाडीतून माल पोचवतो. बिलं मी लिहायचे, शाळेत असल्यापासून. ‘भिवापुरी, देठ काढलेली, बारीक.’ ‘भिवापुरी, जाड, मटणाची.’ अशी नावं कुठल्याही सरकारी यादीत नाहीत, ती आमच्या घरात तयार झालेली. गिऱ्हाईक बिल हातात घेऊन अक्षराकडे बघायचं आणि बाबा म्हणायचे, ‘पोरीच्या हातचं आहे.’ दुकानाची जीएसटीची नोंदणी झाली तेव्हा बाबांकडे साधा फोन होता, म्हणून मोबाईल नंबर माझा टाकला. तेव्हापासून दुकानाच्या नावाने येणारा प्रत्येक ओटीपी माझ्याकडे. मी कॉलेजात असो, मोर्चात असो, बाबांचा फोन यायचा. आकडे सांगायचे आणि पुन्हा घोषणा द्यायच्या. काम एवढंसं, पण त्यामुळे मला वाटत राहिलं की दुकानाची किल्ली माझ्या खिशात आहे.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. ही कॅन्टीन चालवणारी कंपनी आहे. रामदासपेठेतल्या दवाखान्यांची, ऑफिसांची जेवणं त्यांच्याकडे, आणि त्या जेवणांतलं तिखट आमचं. निरोपात आम्हाला ‘प्रिय भागीदार’ म्हटलं होतं. आता कागदी बिल घेतलं जाणार नाही. प्रत्येक पुरवठादाराने इलेक्ट्रॉनिक बिलांच्या नेटवर्कला जोडून घ्यावं. बिल तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघेल, नेटवर्कमध्ये तपासलं जाईल, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचेल, आणि चूक असेल तर वाटेतूनच परत येईल. जोडणार नाही त्याची ऑर्डर बंद.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे मी आणि एक बॉलपेन.

‘तू करशील नं वं हे?’ बाबांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, भाषण दिलं. इतकी वर्षं आपलं तिखट खाऊन यांना आपण कोण ते माहीत नाही काय? त्यांचा हिशोब सोपा व्हावा म्हणून कॉम्प्युटर आपण घ्यायचा, सॉफ्टवेअर आपण घ्यायचं, आणि वरून भागीदार म्हणवून घ्यायचं? छोट्या दुकानदारांनी एकत्र येऊन नकार दिला पाहिजे. मी हे आजही मानते. त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

बाबा ‘बरं’ म्हणाले. त्यांचं ‘बरं’ कशालाही असतं.

वहिनी तिथेच मिरचीचे नमुने पुड्यांत भरत होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ती रामदासपेठेत एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, मी बघू का एकदा?’

‘बघ नं बेटा.’

बेटा मला म्हणायचे ते.

मी पत्रक लिहायला बसले. नुसता राग लिहून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो, हेही मंडळात शिकवलेलं. म्हणून मी त्या नेटवर्कच्या साइटवर गेले, फॉर्म उघडला, मदतीची सगळी इंग्रजी पानं वाचली, त्यांच्या हेल्पलाइनला फोन करून भांडले, आणि माणसाला काय काय करायला लावतात ते पायरी पायरीने मराठीत लिहून काढलं. प्रत्येक पायरीखाली माझं म्हणणं. ‘पायरी पहिली. जीएसटी क्रमांक, पॅन आणि रद्द केलेला चेक जवळ ठेवा. ज्यांना इतकी वर्षं माल दिला त्यांच्यापुढे आज ओळख सिद्ध करायची आहे. हा अपमान आहे.’ पुढची पायरी, बिल बनवणारं सॉफ्टवेअर निवडा, फुकटचं कुठे मिळतं आणि त्यात काय कमी असतं. त्याच्या पुढची, तुमच्या प्रत्येक मालाला कंपनीचा कोड लावा, नाहीतर बिल परत येईल. ‘तुमच्या मालाला तुम्ही दिलेलं नाव त्यांना नको आहे.’ मग चाचणीचं बिल. मग ओटीपी, तो किती लवकर मरतो ते. शेवटी मोठ्या अक्षरांत: जोडू नका, संघटित व्हा.

पत्रक चांगलं उतरलं होतं. मला कळतं कधी उतरतं ते.

तळाला ‘संपर्कासाठी’ म्हणून नंबर लागतो, ती रीत आहे. माझा नंबर मी छापत नाही. एकदा छापला होता, आणि मुलीचा नंबर कागदावर दिसला की कसले फोन येतात ते मी इथे लिहिणार नाही. म्हणून नेहमीसारखा दुकानाचा टाकला. आधीच्या कुठल्याच पत्रकावर कोणाचा फोन आला नव्हता. भिवापूरच्या सातऱ्यांवर, म्हणजे बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात त्या अंगणांवर, मी एक पत्रक काढलं होतं. त्यांच्या हातांच्या आगीवर. लिहिताना रडले होते. एक फोन नाही.

जोडणीचं पत्रक मी इतवारीच्या बाजारात वाटलं, कळमन्याच्या फाटकाशी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. मी कांडपाकडे होते, वहिनीने उचलला. स्पीकर लावायची तिची सवय, कारण हात पुड्यांत असतात.

‘ते पत्रकवाले काय?’

‘हो, बोला नं.’

‘मी तेलवाला बोलून राहिलो, मागच्या गल्लीतला. मले बी तेच लेटर आलं कंपनीचं. तुमच्या कागदात चेकपर्यंत माझं झालं पाहा. ते कोडचं कसं करायचं? तिथं अटकून राहिलो.’

मी पुढे आले. मला वाटलं ती सांगेल की काका, हे जोडायचं नाही यासाठीच पत्रक आहे. ती म्हणाली, ‘मोबाईल आणि त्यांची ऑर्डर घेऊन या नं काका, दुकानातच बसून करू.’

तो आला. माझं पत्रक त्याने चार घड्या करून खिशात ठेवलं होतं, कोपऱ्याला तेल लागलेलं. काउंटरवर उघडलं तर पायऱ्यांसमोर पेनने बरोबरच्या खुणा. बोट ठेवून म्हणाला, ‘हे पाहा सूनबाई, हा अपमान आहे, इथपर्यंत झालं. आता पुढचं सांगा.’

वहिनी हसली नाही. मी तिला त्याबद्दलही माफ करू शकत नाही. हसली असती तर निदान मला भांडता आलं असतं.

त्यानंतर फोन थांबेना. पापडवाली, लोणच्यावाली, खोके पुरवणारा, झाडू-फिनाईल पुरवणारा, त्या कंपनीला आणि तिच्यासारख्या कंपन्यांना माल देणारे सगळे. सगळ्यांच्या हातात माझा कागद. कोणी लॅमिनेट करून आणलेला. मी लिहिलेलं इतक्या लोकांनी इतक्या काळजीने कधी वाचलं नव्हतं, आणि त्यातलं जे लिहिण्यासाठी मी लिहिलं ते एकानेही वाचलं नव्हतं. ते माझा राग ओलांडून पायरीवर पाय ठेवत होते आणि वर तिच्याकडे पोचत होते.

ती काउंटरवरच्या माझ्या स्टुलावर बसायची. तिचा जुना लॅपटॉप, ऑफिसातून सुटताना आणलेला, समोर. लोक तिच्यासाठी काय काय आणायचे. तेलवाल्याने जवसाचं तेल आणलं. पापडवाली म्हणाली, ‘एकदम धीरानं सांगते हो पोरगी.’ बाबा गल्ल्यावर बसून असे हसायचे की जणू मिरचीच तिने पिकवली.

‘हा कागद कोणी लिहिला गा?’ एकाने विचारलं.

‘आमच्या पोरीनं.’

‘चांगला लिहिला. पण मधात मधात भाषण खूप आहे. ते काढून पुन्हा छापता का म्हणा.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच विचारायच्या बेतात होते. मी मागे गेले आणि आईला म्हटलं की यंत्र चालू कर, मला काही ऐकू यायला नको. आई म्हणाली, ‘यंत्रात मिरची तर टाकू दे.’

संध्याकाळी वहिनीला मी गाठलं. म्हटलं, ‘तुम्ही माझ्या आंदोलनाचं हेल्पलाइन सेंटर केलं.’

‘ताई, मी कुठे काय केलं? तुमचंच वाचून शिकले मी. ऑफिसात असताना हे सगळं इंग्रजीत यायचं, सर ओरडायचे, आम्ही अंदाजाने बटणं दाबायचो. असं कोणी लिहून दिलं असतं तर किती बरं झालं असतं.’

ती मनापासून म्हणत होती. याच्याइतकं वाईट मला कोणी कधी काही बोललं नाही.

दरम्यान आमची स्वतःची जोडणी बाकी होती. वहिनीने गुपचूप सगळं तयार केलं होतं. ‘भिवापुरी, देठ काढलेली, बारीक’ याला कंपनीचा एक लांबलचक कोड लागला होता. मी स्क्रीनवर तो पाहिला आणि भडकले, की आपली नावं पुसली. तिने बाजूचा रकाना दाखवला. नाव तिथे होतं, जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. तिने माझी जुनी बिलं समोर ठेवून एकेक उतरवून घेतलं होतं. भांडायला आलेली मी तशीच उभी राहिले.

फक्त चाचणीचं बिल पाठवणं राहिलं. ते पाठवलं की ओटीपी येतो, जीएसटीला लावलेल्या नंबरवर, म्हणजे माझ्या. तो टाकला की झालं. ज्या दुपारी तिने बिल पाठवलं त्या दुपारी मी सभेत होते. सभा याच विषयावर होती, छोट्या पुरवठादारांच्या नकारावर. माझ्यासकट मोजके लोक, बाकीचे बहुतेक आमच्या दुकानात रांगेत बसलेले. फोन मी मुद्दाम बंद ठेवला नव्हता. सभेत आवाज बंद करतात तसा केला होता. बाहेर येऊन पाहिलं तर बाबांचे फोन, तिचे फोन, आणि मुदत संपलेला ओटीपी. चाचणी बाद. पुन्हा करायला नेटवर्कवाल्यांची परवानगी घ्यावी लागली. तेलवाल्याचं बिल आमच्या आधी पोचलं. कंपनीच्या खरेदीवाल्याने बाबांना फोन करून सांगितलं की आता एक संधी आहे, नाहीतर तिखट दुसरीकडून घेऊ.

घरी कोणी मला रागावलं नाही. बाबा तर अजिबात नाही. मग मला कळलं की हे काम माझ्या हातातून काढायचं ठरलं आहे.

तो मंगळवार, दुकान बंद असायचा दिवस. शटर अर्धं खाली. बाबा, वहिनी, मी, आणि दादा गाडीची चावी फिरवत. तेलवालाही होता, पायरीवर, त्याचं एक बिल परत आलं होतं म्हणून. वहिनीने सांगितलं की परवानगीबरोबर नवीन नियम आला आहे. दुकानाच्या वतीने नेटवर्कवर एकच अधिकृत व्यक्ती. तिचं नाव, तिचा नंबर. बिल पाठवणं, परत आलेलं दुरुस्त करणं, कंपनीशी बोलणं, सगळं तिच्याच नावाने. कोण ते आज भरायचं.

‘नंबर तर माझाच आहे,’ मी म्हटलं. ‘तोच राहू द्या.’

‘तुले ते पाहिजेच नाही नं,’ बाबा म्हणाले. ‘कागदावर लिहून वाटलं तू.’

‘विरोध वेगळा. दुकान वेगळं.’

‘कसं वेगळं वं?’

त्यांनी टोमणा मारला नव्हता, विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकाच्या भाषेत होतं आणि बाबांना ती भाषा पाठ झाली होती.

‘नंबर हिचा टाकू,’ ते वहिनीकडे बघून म्हणाले. ‘हे घरी राहते. फोन उचलते.’

मला जे सुचलं ते मी बोलले. ‘नोकरी सोडून घरी बसलं की दुकान मिळतं, हे मला आधी माहीत नव्हतं.’

वहिनीने लॅपटॉपवरून हात काढले. ‘नोकरी मी सोडली नाही ताई. लग्न ठरवताना तुमच्याकडून निरोप होता, की पोरीनं रामदासपेठेत रोज जाणं बंद करावं. तुम्ही होत्या तेव्हा बैठकीत. पोहे तुम्हीच आणले होते.’

तेलवाला पायरीवर सरळ झाला. दादाची चावी थांबली.

मी त्या बैठकीत होते. बोलणी मोठ्यांची चालली होती, मी मनात कुठलंतरी पत्रक जुळवत होते. ती खरं बोलत होती. आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहिते: हिच्याकडे तक्रारसुद्धा माझ्यापेक्षा मोठी आहे. अन्यायावर लिहिणारी मी, आणि अन्याय झालेली ती, माझ्याच घरात, आणि तिने त्याचं काहीच भांडवल केलं नव्हतं. मला तेही बघवलं नाही.

बाबांनी घसा खाकरला. ‘जाऊ द्या आता ते. टाक बेटा, नंबर तुझा टाक. नाव दादाचं टाक.’

‘दादाचं?’ मी म्हटलं.

‘कागदावर पोराचं नाव असलं म्हणजे बरं दिसते. काम काय, हेच करणार आहे.’

दादा म्हणाला, ‘मले काय समजते त्यातलं?’

‘तुले समजायचं कामच नाही. नाव पाहिजे फक्त.’

 वहिनी खाली बघून दादाचं नाव टाइप करायला लागली. नंबर तिने आधीच भरला होता; नावाचं पहिलं अक्षर पडलं तेवढ्यात माझा फोन थरथरला. जुना नंबर आणि जुनी व्यक्ती बदलण्यासाठीचा ओटीपी. ती म्हणाली, ‘ताई, आला असेल. सांगा.’

मी फोन हातात धरून होते. मला ते स्टूल हवं होतं. दुकान माझ्याशिवाय अडायला हवं होतं. आणि अडलं होतं, त्या क्षणी, माझ्या हातात. मी गप्प राहिले असते तर ओटीपी मेला असता आणि नाव वहिनीचं लागलं नसतं, दादाचंही नाही, कोणाचंच नाही.

‘नाव तिचं टाका,’ मी बाबांना म्हटलं.

‘अवं, पण टाइम जाऊन राहिला.’

‘जाऊ द्या. काम ती करणार, शिव्या ती खाणार, तेलवाल्याचं बिल ती दुरुस्त करणार, आणि नाव गाडी चालवणाऱ्याचं? तिचं नाव टाका, नाहीतर मी आकडा सांगत नाही. कंपनी गेली तर गेली. मी तसंही तेच म्हणत होते.’

‘ही आता इथं बी मोर्चा काढून राहिली,’ बाबा तेलवाल्याला म्हणाले.

तेलवाला म्हणाला, ‘नाव टाकून द्या गा सूनबाईचं. फोन तर तिलेच करायचा आहे आम्हाले.’

दादा म्हणाला, ‘हिचंच टाका. मले लफडं नको.’

 बाबांनी हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. वहिनीने दादाच्या नावाचं अक्षर खोडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं. घाई होती तरी सावकाश.

मी आकडे सांगितले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कृतज्ञ वगैरे झाली नाही. म्हणाली, ‘शेवटचे दोन परत सांगा.’ मी परत सांगितले.

चाचणीचं बिल गेलं आणि थोड्या वेळात कंपनीकडून ते स्वीकारल्याचं उत्तर आलं. बाबांनी शटर उगाचच पूर्ण वर केलं. माझ्या फोनवर निरोप आला की हा क्रमांक आता या खात्याशी जोडलेला नाही. तोपर्यंत तेलवाला काउंटरशी आला होता आणि वहिनी त्याचं परत आलेलं बिल उघडून विचारत होती, ‘काका, ऑर्डरमध्ये डबे लिहिले आहेत, तुम्ही लिटर कशाला लिहिलं?’

दादाचं नाव तिथे असतं तर मी रोज भांडले असते. घरी, मंडळात, कागदावर, अंगात जेवढी ताकद आहे तेवढी. तिथे तिचं नाव आहे आणि ते मीच टाकायला लावलं. मला जे हवं होतं ते मी स्वतःच्या तोंडाने, एकेक आकडा मोजून, तिला दिलं. आता कंपनीची माणसं तिला मॅडम म्हणतात. मी बाजूला उभी राहून पुड्या भरते आणि ऐकते, आणि यात कोणाचं चुकलं असं कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही.